वेस्टर्न रीजनची हायड्रॉलिक इंजिनं: का घेतली, का काढली

प्रश्न असा आला आहे: ब्रिटिश रेल्वेचे बाकी विभाग डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं घेत होते, मग एकट्या वेस्टर्न रीजननं, म्हणजे लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गांच्या विभागानं, डिझेल-हायड्रॉलिकचा हट्ट का धरला? आणि वीस वर्षं पुरी व्हायच्या आत ती सगळी भंगारात का गेली, तंत्रच फसवं होतं का? विचारणारे पुढच्या वर्षी मुलीकडे बर्मिंगहॅमला जाणार आहेत, त्यामुळे त्यातलं एखादं इंजिन चालताना बघायला मिळेल का, हेही त्यांना हवं आहे.

आधी थेट उत्तर देतो. तंत्र फसवं नव्हतं. ज्या हलकेपणासाठी ही इंजिनं घेतली, तो हलकेपणा त्या काळच्या ब्रिटिश रेल्वेला नीट वापरताच आला नाही. आणि चार-पाच वर्षांत इलेक्ट्रिकवाल्यांनी आपलं वजन उतरवलं, तेव्हा तो फायदाही गेला. बाकीची सगळी कारणं यानंतर येतात.

माझी नोकरी डिझेल शेडमध्ये झाली आणि त्यातला बराच काळ डब्ल्यूडीएस-४ या आपल्याकडच्या हायड्रॉलिक शंटरवर, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या लहान इंजिनावर गेला. या प्रकाराबद्दल मला थोडी माया आहे, तेवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

डिझेल इंजिनाची मूळ अडचण अशी की ते उभ्या गाडीला शून्यापासून ओढू शकत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, चाकं मात्र थांबलेली असतात. मधे काहीतरी हवं. इलेक्ट्रिक पद्धतीत मधे जनरेटर येतो आणि प्रत्येक आसावर ट्रॅक्शन मोटर. हायड्रॉलिक पद्धतीत मधे तेल येतं. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी ही युक्ती काढली. इंजिन एक पंखाचक्र फिरवतं, ते तेलाला जोरात फेकतं, ते तेल समोरच्या टर्बाइनचक्रावर आदळतं आणि ते चक्र फिरतं. या दोघांमध्ये न फिरणारी वाकड्या पात्यांची एक कडी असते. ती तेलाची दिशा वळवते, त्यामुळे चाकं हळू असताना त्यांच्यावरचा पीळ इंजिनाच्या पिळापेक्षा कितीतरी वाढतो. या सगळ्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

एकच कन्व्हर्टर शून्यापासून ताशी नव्वद मैलांपर्यंत पुरत नाही, आणि इथे जर्मनीत दोन घराणी झाली. फॉइथनं एका पेटीत दोन-तीन कन्व्हर्टर बसवले. वेग वाढला की एकातलं तेल काढायचं आणि दुसऱ्यात भरायचं, गिअरला हात लावायचा नाही. मायबाखच्या मेकिड्रोमध्ये कन्व्हर्टर एकच, कायम भरलेला, आणि त्याच्यामागे चार गतींचा खराखुरा गिअरबॉक्स. गिअर बदलताना टर्बाइनचक्र आसावरच सरकून तेलाच्या झोतातून बाहेर येतं, क्षणभर भार सुटतो, पुढच्या गिअरचे दात समान वेगाला आले की अडकतात आणि चक्र परत झोतात जातं. जुन्या एसटीचे ड्रायव्हर डबल क्लच मारून वेग जुळला की मगच गिअर टाकायचे, तेच काम इथे यंत्र स्वतः करतं, तेही हजार अश्वशक्तीच्या इंजिनावर. ही अतिशय देखणी रचना आहे. पण ती उघडून परत जोडायला शेड दवाखान्याइतकी स्वच्छ लागते. हा मुद्दा पुढे येणार आहे.

आता वेस्टर्न रीजन. १९४८ मध्ये रेल्वे सरकारी झाली, पण त्याआधीच्या ग्रेट वेस्टर्न या खासगी रेल्वे कंपनीची माणसं आणि त्यांचा स्विंडन कारखाना मनानं कधी सरकारी झाले नाहीत. सगळ्यांपेक्षा वेगळं करायची त्यांची खोड जुनीच होती. १९५५ मध्ये रेल्वे चालवणाऱ्या ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशन या सरकारी संस्थेनं १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर केली आणि वाफेच्या जागी डिझेल आणायचं ठरलं. त्याच वेळी पश्चिम जर्मनीत व्ही २०० ही हायड्रॉलिक इंजिनं धावत होती. प्रत्येकाच्या पोटात दोन मायबाख डिझेल, दोन हजारांच्या वर अश्वशक्ती, चारच आसं आणि वजन ऐंशी टनांच्या आत. रीजनचे महाव्यवस्थापक ग्रँड आणि मुख्य यांत्रिकी अभियंता स्मेडल यांना त्याची भुरळ पडली, यात नवल नाही.

आकडे शेजारी ठेवून बघा. १९५८ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं जे दोन हजार अश्वशक्तीचं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन दिलं, ज्याला पुढे क्लास ४० म्हटलं गेलं, ते १३३ टनांचं होतं आणि त्याला आठ आसं लागली. त्याच वर्षी स्विंडननं तेवढ्याच ताकदीचं हायड्रॉलिक वॉरशिप बाहेर काढलं, ते ७८ टनांचं. म्हणजे ५५ टनांचा फरक. हे ५५ टन प्रत्येक फेरीला लंडनच्या पॅडिंग्टनपासून नैऋत्य टोकाच्या पेन्झन्सपर्यंत नुसतेच वाहायचे की त्याऐवजी एक-दोन डबे जास्त ओढायचे? डेव्हनमध्ये डेंटन, रॅटरी, हेमर्डन असे चढ आहेत, हेमर्डनचा तर १ इन ४२, म्हणजे ४२ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे हा प्रश्न रोजचा होता. कागदावर हिशेब पक्का होता, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तोच निर्णय घेतला असता.

हलकेपणाचं मर्म डिझेलच्या फेऱ्यांत होतं. क्लास ४० चं इंजिन मिनिटाला ८५० फेरे घ्यायचं, जहाजासारखं धिमं आणि जाडजूड. मायबाखचं १,५०० च्या वर फिरायचं. फेरे जास्त तर त्याच ताकदीसाठी इंजिन लहान, इंजिन लहान तर सांगाडा हलका, सांगाडा हलका तर आसं कमी. शिवाय जनरेटर आणि मोटरांचं तांबं नाही. व्ही २०० चं अंगही विमानासारखं, वरचा पत्राच भार घेणारा. स्विंडनच्या लोकांनी जर्मन रेखाचित्रं आणली आणि अरुंद ब्रिटिश बोगदे-पुलांतून जाईल असा तोच घाट लहान करून बांधला. वाफेच्या इंजिनात हयात घालवलेल्या कारागिरांनी हे पत्राकाम शिकून घेतलं, ही साधी गोष्ट नाही.

मात्र पहिलं हायड्रॉलिक स्विंडनचं नव्हतं. कमिशनला एवढा हलकेपणा झेपेना, म्हणून त्यांनी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून पाच इंजिनं मागवली: डी ६०० ते डी ६०४. ताकद तीच दोन हजार, पण जुन्या पद्धतीचा जड सांगाडा, सहा आसं, त्यातली चारच ओढणारी, आणि वजन ११७ टन. हायड्रॉलिकचा खर्च करायचा आणि वजन मात्र इलेक्ट्रिकचं ठेवायचं, हा कारभार सरकारी समितीलाच जमतो. १९६७ च्या डिसेंबरात ती पाचही काढली. एकही उरलं नाही.

स्विंडनच्या वॉरशिपची गोष्ट वेगळी. ३८ स्विंडननं बांधली, ३३ नॉर्थ ब्रिटिशनं. पहिल्याचं नाव कमिशनचे अध्यक्ष सर ब्रायन रॉबर्टसन यांचं, नंतर जवळजवळ सगळी नावं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांची, वर्णक्रमानं. त्यात डी ८२२ हर्क्युलिस आणि डी ८२३ हर्मीस अशी लागोपाठची जोडी आहे. मुंबईकरांना ही दोन्ही नावं दुसऱ्या रूपात ओळखीची असतील. हर्क्युलिस म्हणून बांधायला घेतलेली विमानवाहू नौका आपली विक्रांत झाली आणि हर्मीस १९८७ मध्ये विराट झाली. इंजिनाला नाव देताना नौदलाच्या यादीतल्या कुठल्या पिढीचं जहाज मनात होतं ते सोडा, पण जोडी गमतीची आहे.

वॉरशिप डेव्हनच्या चढांवर छान चालली. दोन स्वतंत्र इंजिनं असल्यानं एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी रखडत का होईना, पुढच्या स्टेशनात यायची. दुखणं निघालं ते धावण्यात. ताशी ऐंशी मैलांच्या पुढे खालच्या बोग्या, म्हणजे चाकं धरणारे सांगाडे, रुळावर डाव्या-उजव्या हेलकावे घ्यायला लागल्या. रचना ताशी नव्वद मैलांची, पण पुढे ऐंशीचीच मर्यादा घालावी लागली.

नॉर्थ ब्रिटिशच्या ३३ वॉरशिप बाहेरून सारख्याच, आतून वेगळ्या. डिझेल इंजिन जर्मनीच्या एमएएन कंपनीचं, ग्लासगोत परवान्यावर बनवलेलं, आणि ट्रान्समिशन, म्हणजे ताकद चाकांकडे नेणारी पेटी, फॉइथचं. ही कंपनी जगाला वाफेची इंजिनं पुरवणारी, भारतातही तिची कितीतरी धावली. पण वाफेच्या इंजिनात सुताच्या फरकानं काही बिघडत नाही, वेगवान डिझेलमध्ये बिघडतं, आणि ग्लासगोची इंजिनं जर्मन इंजिनांसारखी कधी चालली नाहीत. याच कंपनीनं लहान गाड्यांसाठी हजार-अकराशे अश्वशक्तीची ५८ इंजिनं दिली, डी ६३०० मालिकेतली. तीही त्याच एमएएन-फॉइथ जोडीची. १९६२ मध्ये कंपनी बुडाली आणि वेस्टर्न रीजनच्या पदरात शंभराच्या आसपास पोरकी इंजिनं पडली. सुटे भाग कोण देणार? त्या ५८ पैकी डी ६३१९ जतन करण्यासाठी विकत घेतलेलं होतं, तेही स्विंडनमध्ये चुकून कापलं गेलं. आता त्यातलं एकही नाही.

यातच एक मोठी गफलत दिसते. जर्मनांनी व्ही २०० अशी आखली होती की एका कंपनीचं डिझेल काढून दुसऱ्या कंपनीचं बसवता यावं. ब्रिटनमध्ये वॉरशिप म्हणून एकाच नावाखाली दोन वेगळी घराणी झाली. शेडमध्ये काम केलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. दोन प्रकारचे पिस्टन, दोन प्रकारचे पंप, दोन प्रकारची हत्यारं, आणि नेमकं जे लागतं तेच स्टोअरमध्ये नसणं.

माझ्या मते या सगळ्यांत नीट जमलेलं इंजिन हायमेक. मँचेस्टरच्या बेयर पीकॉकनं ब्रिस्टल सिडली आणि जे. स्टोन या कंपन्यांबरोबर ते उभं केलं, १९६१ ते १९६४ मध्ये १०१ नग. एकच सोळा सिलिंडरचं मायबाख, सतराशे अश्वशक्ती, एक मेकिड्रो पेटी, चार आसं, वजन ७४ टन. दोन-दोन इंजिनांची भानगड नाही, त्यामुळे देखभालही निम्मी. चेहरा एका डिझाइन संस्थेकडून घडवून घेतलेला, आणि तो आजही जुना वाटत नाही. बेयर पीकॉक म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेची ती अजस्र गॅरट इंजिनं बांधणारा कारखाना. हायमेक त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक ठरलं, कारण १९६६ मध्ये तोही बंद पडला. पुन्हा तेच, इंजिन चांगलं पण मागे कोणी नाही.

मग वेस्टर्न याच नावाची इंजिनं. १९६१ च्या डिसेंबरात डी १००० वेस्टर्न एंटरप्राइझ बाहेर आलं, वाळूच्या रंगात. दोन मायबाख, प्रत्येकी १,३५० अश्वशक्ती, सहाही आसं ओढणारी, वजन १०८ टन. स्विंडन आणि क्रू या दोन कारखान्यांनी मिळून ७४ बांधली आणि प्रत्येकाचं नाव वेस्टर्न या शब्दानं सुरू होतं. रूप डिझाइनर मिशा ब्लॅक यांनी घडवलेलं. एवढ्या ताकदीची मेकिड्रो पेटी ब्रिटिश मापात बसेना, म्हणून मायबाखच्या डिझेलला फॉइथची पेटी जोडली. दोन वेगवेगळ्या घरच्या यंत्रांची ही सोयरीक. संसार झाला, पण कुरबुरी राहिल्या. रुळावर पोचणारी ओढ कागदावरच्या २,७०० च्या मानानं कमीच भरली.

सावकाश चालणाऱ्या जड गाडीला मात्र ही इंजिनं बहारीची होती. एका बोगीची सगळी आसं शाफ्टनं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एकटं चाक सुटून फिरत नाही. ओल्या रुळावर इलेक्ट्रिकचं एखादं चाक भिरभिरू लागतं तिथे हायड्रॉलिक चिकटून राहतं. सॉमरसेटच्या खाणींतल्या दगडाच्या गाड्या वेस्टर्ननी शेवटपर्यंत ओढल्या त्या उगाच नाही.

या बांधणीची किंमत शेडमध्ये मोजावी लागते. इलेक्ट्रिक इंजिनात ताकद तारेतून जाते. इथे ती कार्डन शाफ्टांतून, म्हणजे फिरत्या लोखंडी दांड्यांतून जाते, इंजिनाकडून पेटीकडे, पेटीकडून आसांकडे, आणि प्रत्येक शाफ्टला दोन सांधे. त्यांना ग्रीस कमी पडलं किंवा एका फ्लँजचे बोल्ट ढिले पडले तर शाफ्ट निखळून खाली झोडपायला लागतो आणि वाटेत येईल ते फोडतो. आमच्या शंटरला आडवा शाफ्ट आणि बाहेरून दांडे होते, त्यामुळे हा धोका कमी, पण पेटीचं दुखणं तेच. सकाळी शेडमध्ये इंजिन आलं की मी पहिल्यांदा ट्रान्समिशनच्या तेलाची कांडी काढून बघायचो. कन्व्हर्टर तेलाला तापवतो आणि ते तेल इंजिनाच्याच पाण्यानं गार होतं, मधे नळ्यांचा एक कूलर. त्यातली एक नळी पाझरली की तेलात पाणी मिसळतं आणि कांडीवर ताकासारखा पांढरट थर दिसतो. तो दिसला की इंजिन जागचं हलवायचं नाही, ड्रायव्हर कितीही घाई करो. तेल काळं आणि जळका वास असेल तर कोणीतरी भार देऊन उभ्यानं फार वेळ ओढलेलं आहे. यात अवघड काही नाही, पण हे रोज करावं लागतं आणि करणाऱ्याला ते का करायचं ते माहीत असावं लागतं.

वेस्टर्न रीजनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत हे काम वाफेच्याच शेडमध्ये चालायचं. शेजारी कोळसा, राख, काजळी, आणि मधे मायबाखचं उघडलेलं पोट. प्लिमथच्या लायरासारखी नवी डिझेल शेड नंतर उभी राहिली. जर्मनीत असा बिघाड झाला की अख्खी पेटी काढून दुसरी चढवायची आणि बिघडलेली कारखान्यात पाठवायची, अशी सोय पहिल्यापासून. इथे जास्तीच्या पेट्या पुरेशा नव्हत्या, मग इंजिनच शेडमध्ये उभं.

आता मूळ मुद्दा, हलकेपणा का वाया गेला. १९५०-६० च्या दशकात ब्रिटनच्या बहुतेक मालगाड्यांच्या वाघिणींना सलग ब्रेकच नव्हता. साखळीनं सैल जोडलेल्या वाघिणी, पुढे इंजिन, मागे गार्डचा ब्रेक-व्हॅन, आणि गाडी थांबवायची ती या दोघांनी. अशा गाडीला उतारावर आवरण्यासाठी इंजिन जड असणं हाच गुण. वाफेचं इंजिन टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट, शंभर-सव्वाशे टनांचं, ते अंगावर रेटा घेऊन थांबायचं. त्याच गाडीपुढे ७८ टनांची वॉरशिप जोडली तर ओढायला ताकद आहे, पण थांबवायला वजन नाही. जर्मनीत मालगाड्यांना हवेचा सलग ब्रेक १९२० च्या दशकातच बसला होता, तिथे इंजिनाच्या वजनाचा ब्रेकशी फारसा संबंध उरला नव्हता. म्हणजे जर्मनीतून इंजिन आणलं, पण ते ज्या रेल्वेसाठी होतं ती रेल्वे आणली नाही. खुद्द वेस्टर्न रीजननं साउथ वेल्सच्या कोळशाच्या गाड्यांसाठी १९६३ पासून शंभर टनांच्या वरची क्लास ३७ ही डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं घेतली. मला तरी यात कबुलीच दिसते.

त्याच सुमारास दुसरी बाजूही ढासळली. १९६२ मध्ये ब्रश कंपनीनं २,७५० अश्वशक्तीचं डिझेल-इलेक्ट्रिक आणलं, सहा आसांचं, ११५ टनांच्या आसपास. पुढचा क्लास ४७, एकूण ५१२ बांधले. वेस्टर्नच्या १०८ टनांपुढे हा फरक किती? सहा-सात टन. १९५८ चे ५५ टन चार वर्षांत सहा-सातवर आले. हायड्रॉलिक घेण्याचं एकमेव भक्कम कारण संपलं आणि वेस्टर्न अजून कारखान्यातून बाहेर पडतच होत्या.

क्लास १४ ची कहाणी तर विनोदीच म्हणायची. स्विंडननं १९६४-६५ मध्ये ५६ लहान इंजिनं बांधली, सहा चाकांची, ६५० अश्वशक्तीची, बाहेरून दांडे. ताकद आणि बांधा आपल्या डब्ल्यूडीएस-४ च्या अगदी जवळचा. ग्रेट वेस्टर्ननं १९०८ मध्ये ग्रेट बेअर नावाचं एकुलतं एक अवाढव्य इंजिन बांधलं होतं, त्यावरून कारखान्यात कोणीतरी म्हणालं की आता टेडी बेअर बांधू, आणि ते नाव चिकटलं. काम काय, तर शाखामार्गांवरच्या छोट्या मालगाड्या. पण तोट्यातले मार्ग बंद करा सांगणारा, रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल १९६३ मध्ये आला होता, शाखामार्ग धडाधड बंद होत होते आणि सुटा माल ट्रकवर चालला होता. ज्या कामासाठी इंजिनं बांधली ते काम इंजिनाआधीच संपलं. १९६९ पर्यंत सगळी काढून टाकली. कोळसाखाणींनी आणि कॉर्बीच्या पोलाद कारखान्यानं त्यातली बरीच आनंदानं घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं वापरली. चार-पाच वर्षांची इंजिनं टाकणारी रेल्वे, आणि तीच घेऊन रोज राबवणारी खाण. दोष यंत्रात होता की नियोजनात, ते यावरून ठरवा.

१९६७ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं इंजिनांच्या जाती कमी करायचं ठरवलं. देशभर अठ्ठावीसच्या आसपास जाती झाल्या होत्या, त्या निम्म्यावर आणायच्या. कुठल्या जायच्या हे सांगायला ज्योतिषी नको होता. हायड्रॉलिक सगळी मिळून ३६५, तीही एकाच विभागात, सहा-सात प्रकारांत विभागलेली, दोन कारखाने बंद, डिझेल परवान्यावरचं. समोर एकट्या क्लास ४७ ची संख्या ५१२. मी त्या बैठकीत असतो तर मन खट्टू झालं असतं, पण हात त्याच बाजूनं वर केला असता.

शेवटचा घाव डब्यांच्या गरमीनं घातला. तोवर डबे इंजिनातल्या बॉयलरच्या वाफेनं गरम व्हायचे. सत्तरच्या दशकात वातानुकूलित डबे आले, त्यांना वीज लागते. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये वीज घरचीच असते. हायड्रॉलिकमध्ये त्यासाठी वेगळा जनरेटर डिझेलला जोडायचा तर जागा हवी, पैसा हवा, आणि मोडीत काढायचं ठरलेल्या इंजिनावर तो कोण घालणार? १९७४ मध्ये ग्लासगोपर्यंत विजेच्या तारा पोचल्या, तिकडची क्लास ५० इंजिनं मोकळी झाली आणि डब्यांना वीज देणारी ती इंजिनं पश्चिमेला आली. वॉरशिप १९७२ अखेर संपल्या होत्या, हायमेक १९७५ मध्ये गेली, आणि २६ फेब्रुवारी १९७७ ला डी १०१३ वेस्टर्न रेंजर व डी १०२३ वेस्टर्न फ्युझिलियर यांनी पॅडिंग्टनहून निरोपाची गाडी नेली. लोकांनी शेवटची दोन-तीन वर्षं या इंजिनांमागे नुसती धाव घेतली होती. वाफेच्या मागे लागणाऱ्यांना समजू शकतो, पण जेमतेम पंधरा वर्षांच्या डिझेलसाठी एवढी माणसं जमणं हे तेव्हा नवीनच होतं.

विजेची अडचण खरोखर सुटण्यासारखी नव्हती का? होती. जर्मनांनी १९६८ पासून क्लास २१८ काढला, हायड्रॉलिकच, डब्यांना वीज देणारा जनरेटर मुख्य डिझेलवरच जोडलेला. चारशेच्या आसपास बांधले आणि ते पुढे पन्नास वर्षं धावले. त्यामुळे हायड्रॉलिक मुळातच वाईट असं कोणी म्हणालं की मी २१८ कडे बोट दाखवतो. फरक इतकाच की जर्मनीत ती अख्ख्या देशाची पद्धत होती, मागे कारखाने होते, प्रशिक्षित फिटर होते आणि पुढच्या पिढीचा विचार चालू होता.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ च्या ऑक्टोबरात याच पश्चिम मार्गावर इंटरसिटी १२५ सुरू झाली. दोन टोकांना दोन हलकी, मिनिटाला १,५०० फेऱ्यांची डिझेल. ट्रान्समिशन विजेचं, पण लहान, वेगवान, हलकं इंजिन ही कल्पना स्विंडनवाल्यांचीच, जिच्यासाठी त्यांना वीस वर्षं टोमणे खावे लागले. आणि ऐंशीच्या दशकापासून आलेल्या स्प्रिंटर या डिझेल डब्यांच्या गाड्यांत, १५० पासून १५९ पर्यंतच्या बहुतेक क्लासांत, डब्याच्या तळाखाली फॉइथचंच हायड्रॉलिक ट्रान्समिशन आहे. डब्याच्या पोटाखालच्या तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या डिझेलला ते अगदी चपखल बसतं. कॉर्नवॉलच्या शाखामार्गांवर त्या गाड्यांनी वर्षानुवर्षं प्रवासी नेले, कोणाला पत्ताही नाही की आपण हायड्रॉलिकनं चाललो आहोत.

आता बघण्याविषयी. बर्मिंगहॅमला असाल तर लोकल गाडीनं किडरमिन्स्टरला जा, तिथून सेव्हर्न व्हॅली ही जुनी इंजिनं जतन करून चालवणारी रेल्वे सुटते. डी १०६२ वेस्टर्न कुरियर आणि वॉरशिप डी ८२१ ग्रेहाउंड यांचं घर तेच. मँचेस्टरकडे गेलात तर बरीची ईस्ट लँकेशायर रेल्वे बघा, तिथे दुसरी उरलेली वॉरशिप डी ८३२ ऑनस्लॉट आणि हायमेक डी ७०७६ यांच्याशी गाठ पडू शकते. डी १०२३ राष्ट्रीय संग्रहात आहे. एकंदर सात वेस्टर्न, चार हायमेक, दोन वॉरशिप आणि एकोणीस टेडी बेअर वाचल्या आहेत, पण त्या एका जागी राहत नाहीत आणि कधीही दुरुस्तीला उघडलेल्या असू शकतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या रेल्वेच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कुठलं इंजिन आहे ते बघा, शक्यतो डिझेल गालाचे, म्हणजे जुनी डिझेल इंजिनं मुद्दाम चालवतात ते दिवस धरा, आणि वेस्टर्न मिळालीच तर इंजिनालगतच्या पहिल्या डब्यात खिडकी उघडून बसा. दोन्ही मायबाख एका सुरात नसतात, त्यांचा घुमणारा आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो.